गडद रंगातलं माहेर

रक्ताचा आजार म्हटलं की ऐकणाऱ्याच्या तोंडी एकच नाव येतं. मला झाला तो कॅन्सर नव्हता. माझ्या हाडांतल्या मज्जेने रक्त बनवायचं काम जवळजवळ बंद केलं होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हे झालं आणि त्यातून मी उठले. उठले हे सगळ्यांना माहीत आहे. किती घाबरले होते ते मात्र मी कोणाला नीट सांगितलं नाही. आजारी माणसाला भेटायला जो येतो तो 'घाबरू नका' म्हणून जातो. मला त्या शब्दांचा काडीचा उपयोग झाला नाही. म्हणून इथे मी भीतीबद्दलच लिहिणार आहे, जशी होती तशी.

काळेनिळे डाग

माझं माहेर कासू स्टेशनापासून आत, भात आणि वाल पिकवणाऱ्या गावात. सासर रोह्याला. नवरा विलास एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. मुलगी पूर्वा तेव्हा पहिलीत होती. लग्नाआधी मी पेणला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, त्याच्या जोरावर रोह्यात एका संस्थेच्या प्रकल्पात मला नोकरी लागली. पेण आणि रोहा तालुक्यांतले शेतकरी कोणत्या पिकावर कोणतं औषध मारतात, हंगामात किती वेळा मारतात, याची माहिती संस्थेची माणसं गावोगाव फिरून आणत. आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात.

मी ती माहिती कॉम्प्युटरमध्ये भरायची आणि तिचा नकाशा व्हायचा. पडद्यावर दोन्ही तालुके दिसत. एखाद्या गावावर माउस नेऊन बटण दाबलं की त्या गावाची छोटी चौकट उघडे. बाजूला औषधांची नावं होती. त्यातलं एक निवडलं की ते औषध जिथे जास्त तिथे गडद तपकिरी, जिथे कमी तिथे फिकट पिवळा रंग भरत जाई. मशीन मंद होतं, गावं एकामागून एक रंगायची. आमचे प्रमुख साळवी सर, वयाने माझ्यापेक्षा थोडेच मोठे, शेतकी पदवी घेतलेले. ते रंग त्यांनी माझ्याकडूनच निवडून घेतले होते. मला काम आवडायचं.

गणपती झाल्यावर माझ्या अंगावर डाग दिसायला लागले. पिशवीचा बंद कोपरात अडकवला की तिथे काळंनिळं व्हायचं. मांडीवर डाग, पोटावर डाग, कुठे आपटल्याचं आठवत नाही. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. दोन जिने चढले की छातीत धडधड. सासूबाई म्हणाल्या, "उष्णता वाढली हाय. सब्जा घे." मी सब्जा घेतला, गुलकंद खाल्ला. मग एका सकाळी उशी रक्ताने भिजलेली दिसली. झोपेत नाकातून वाहिलं होतं आणि मला कळलंही नव्हतं.

पेणच्या डॉक्टरांकडे

माझे डॉक्टर लहानपणापासून पेणचेच. विलासची दुसरी पाळी होती, त्यामुळे तो सकाळी माझ्यासोबत आला. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. आम्ही नाश्ता करून परत आलो तर लॅबवाला दारातच उभा. "ताई, पुन्हा रक्त द्या. मघाचं काहीतरी चुकलं असेल." दुसऱ्या वेळी सुई टोचली ती जागा दाबून धरली तरी रक्त थांबेना. त्याने कापूस बदलला, पुन्हा बदलला. माझ्याकडे बघायचं तो टाळत होता. पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा.

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि विलासला विचारलं, "आलात कसे?"

"एसटीने."

"आता हिला एसटीत बसवू नका. गाडी करा आणि इथूनच मुंबईला जा. रस्त्यात गाडी हळू चालवायला सांगा."

"आज? घरी पोर हाय सर," मी म्हणाले.

"आज," ते म्हणाले. "डोकं कुठे आपटू देऊ नका."

एसटीचे हिसके मी आयुष्यभर खाल्ले होते. पेण ते रोहा, खड्ड्यांतून, उभ्याने. आता एका हिसक्याने माझ्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो असं ते सांगत होते. जीपमध्ये विलासने माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं, भरलेली घागर धरावी तसं. पनवेलपर्यंत त्याने हात काढले नाहीत. पूर्वाची शाळा सुटेल, ती दप्तर टाकून मला शोधेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मुंबईला कमरेच्या हाडातून मज्जा काढली. सुई बाहेर ओढताना जे होतं ते दुखण्यापेक्षा वेगळं असतं, आतून कोणीतरी जीव शोषून घेतंय असं. त्या दुपारी मोठ्या डॉक्टरीणबाई खाटेशी आल्या. त्यांनी सगळं सरळ सांगितलं. मग विचारू लागल्या. कोणत्या गोळ्या घेत होतात? कावीळ झाली होती? रंगकाम, रसायनं? शेतात फवारणी करता? घरात कीटकनाशक ठेवता?

शेवटचे दोन प्रश्न मला पाठ होते. जवळपास याच प्रश्नांची उत्तरं मी दोन तालुक्यांसाठी भरत बसले होते.

"माहेरी," मी म्हणाले. "वालावर माव्याची कीड पडते. वडील पांढरी पावडर फडक्यात बांधून झटकायचे. मी मागून चालायची. लहानपणापासून."

त्यांनी लिहून घेतलं. "त्यामुळे झालं का?" मी विचारलं.

"होऊ शकतं. पण बहुतेक रोग्यांत कारण सापडतच नाही. तुमच्या बाबतीत कधीच कळणार नाही, याची तयारी ठेवा."

बाकी सगळं सोसलं मी. या वाक्याची तयारी अजून झालेली नाही.

वॉर्डातले दिवस

वॉर्डात सकाळ व्हायची ती रक्त घ्यायला येणाऱ्या मुलीच्या ट्रॉलीच्या आवाजाने. मग रक्तपेशींचे आकडे यायचे. प्रत्येक बाई आपापल्या आकड्यांची वाट बघायची आणि दुसरीचे आकडे चेहऱ्यावरून ओळखायची. ब्रश बंद, कापसाने दात पुसायचे. सुरी, सुई, केसांतला आकडा, काहीच जवळ नको. उकळलेलं पाणी, शिजवलेलं अन्न, तोंडाला फडकं. एक तेलकट औषध दुधात घालून प्यायचं, त्याचा वास दिवसभर नाकातून जात नसे.

मला सगळ्यात भीती शिंक येण्याची वाटायची. हसू नका, पण शिंकेने डोक्यातली शीर फुटेल असं मनाने घेतलं होतं. शिंक आली की मी खाटेची कड धरून डोळे मिटायची आणि नंतर हळूच हाताची बोटं हलवून बघायची, हलतात का.

वॉर्डात एक आयाबाई होत्या, सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांनी माझी शिंकेची भीती ओळखली होती. कशी ते माहीत नाही. शिंक आली की त्या असतील तिथून म्हणायच्या, "झाली ना? आहेस ना? मग झालं तर." एवढंच. घाबरू नको असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. माझे लांब केस त्या बोटांनी सोडवायच्या, कारण फणी डोक्याला लागली तरी डाग पडायचे.

रक्त सतत लागायचं. विलासच्या पाळीची माणसं रात्रपाळी सुटल्यावर तशीच न झोपता गाडी पकडून यायची आणि हात पुढे करायची. काहींची नावंही मला ठाऊक नव्हती. त्यांतला एक जण रक्त देऊन खाटेशी आला, उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, मी कधी आजारी पडलो नाय. माझं चांगलं असंल." मी रडले. तो घाबरून निघून गेला.

शेजारच्या खाटेवर माझ्याच आजाराची एक कॉलेजातली मुलगी होती. तिला ताप आला आणि तो उतरला नाही. एका दुपारी मी झोपून उठले तर तिच्या खाटेवर नवी चादर होती.  भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर कितीतरी दिवस मी माझ्या कपाळाला हात लावायचं टाळलं, गरम लागलं तर काय करायचं म्हणून.

कोणामुळे

दिवाळी तिथेच गेली. मग आकडे सावकाश, रुसलेल्या पाहुण्यासारखे, वर यायला लागले आणि औषधं देऊन मला घरी सोडलं. घरी आल्यावर कळलं की मी नसताना दोन घरांत एक भांडण उभं राहिलं होतं. मला हे कशामुळे झालं यावरून.

सासूबाईंचं म्हणणं स्पष्ट होतं. "तुझ्या बापाची पावडर. आता तिकडचा दाणा या घरात नको." भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठवलेलं तांदळाचं पोतं त्यांनी आल्या टेम्पोने परत पाठवलं होतं. भाऊ चिडून म्हणाले होते, "पावडर आमच्या बापजाद्यापासून हाय. पोर तुमच्या घरी पडली. जावयाच्या कपड्याला कंपनीचा वास येतो तो काय अत्तराचा हाय?" विलास मध्ये सापडला होता. तो कंपनीतून आला की घरात पाऊल टाकण्याआधी मागच्या पडवीत अंघोळ करू लागला. थंडीतसुद्धा. मी त्याला सांगितलं, असं करू नको. तो म्हणाला, "कुणाला माहीत, ज्योती." त्याच्या आवाजात मला माझीच भीती ऐकू आली.

होळीच्या सुमाराला डॉक्टरांनी थोडं काम करायला परवानगी दिली. तोंडाला फडकं बांधून मी ऑफिसात गेले. साळवी सर बाहेर गेले होते. मी नकाशा उघडला.

आधी माझं गाव शोधलं, मग एकेक औषध निवडलं. पहिल्या औषधाला माझं गाव पिवळं. दुसऱ्याला थोडं तांबूस. पांढऱ्या पावडरीचं नाव निवडलं आणि बघत बसले. पेणच्या बाजूने गावं रंगत रंगत खाली आली. माझं गाव जवळजवळ काळं पडलं.

तो रंग मी आधीही पाहिला असणार, पण तेव्हा ते दोन तालुक्यांतलं एक गाव होतं. आता मला त्यात आमचं खळं दिसत होतं, विहीर दिसत होती, पावडरीचा रिकामा डबा धुऊन आई त्यात बियाणं ठेवायची ते दिसत होतं. मी मिटवलं आणि पुन्हा उघडलं.

मग तो नादच लागला. रोज काम संपलं की मी माझं आयुष्य त्या नकाशावर शोधायची. आजोळ कोणत्या रंगात? शाळेच्या वाटेवरची गावं? बाजारातली भाजी कुठून येते? जिथे रंग गडद, ते गाव मी पुन्हा पुन्हा उघडायची. एकदा साळवी सर मागे येऊन उभे राहिले ते मला कळलं नाही.

"ज्योतीताई, किती दिवस हे करताय?"

मी चौकट मिटवली. ते खुर्ची ओढून बसले. "हा नकाशा गावाचा आहे. या गावात एवढं औषध वापरतात, इतकंच तो सांगतो. कोण आजारी पडलं, का पडलं, हे आपण त्यात भरलेलंच नाही. मग ते त्यातून निघणार कुठून?"

"मला कळतं सर."

"कळतं, मग?"

"मग काय. भीती वाटते."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मलाही वाटते. मी त्या सगळ्या गावांत जेवलोय."

पूर्वाचा गुडघा

मे महिन्याच्या सुट्टीत विलासने आईशी वाद घालून पूर्वाला चार दिवस माझ्या माहेरी पोचवलं. ती परत आली आणि तिला अंघोळ घालताना मला तिच्या गुडघ्यावर डाग दिसला. निळा, कडेने हिरवट. पोटरीवर दुसरा.

मी तांब्या खाली ठेवला. "हे काय आहे? कधी झालं?"

"पडले," ती म्हणाली.

"कुठे? कशी? खोटं बोलू नको."

ती रडायला लागली. मी तिचे ओठ उलटून हिरड्या बघितल्या, पाठ बघितली, तळपाय बघितले. तसंच ओलं अंग पुसून तिला घेऊन निघाले. विलासने भाड्याने जीप आणली. पेणच्या लॅबमध्ये तोच माणूस होता. त्याने पूर्वाच्या बोटाला सुई टोचली, कापूस लावला, आणि लगेच कापूस काढून मला बोट दाखवलं. रक्त थांबलं होतं. रिपोर्ट यायच्या आधीच त्याने मला उत्तर दिलं होतं. तरी रिपोर्ट येईपर्यंत मी उभीच होते. तो अगदी व्यवस्थित आला. पोर खरंच पेरूच्या झाडावरून पडली होती.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता पुन्हा तिकडे पोरीला धाडायची नाय." आणि मी, ज्या अंगणात वाढले त्या अंगणाबद्दल, म्हणाले, "नाही पाठवणार."

हे भाऊंच्या कानावर गेलं. मी ऑफिसात रोज कोणता नकाशा बघत बसते, तेही.

भाऊ ऑफिसात येतात

त्या आठवड्यात भाऊ कासूहून गाडीत बसून एकटेच रोह्याला आले. घरी न जाता थेट ऑफिसात. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. कॉम्प्युटरसमोर चप्पल काढून उभे राहिले.

"तो नकाशा दाखव मला."

"भाऊ, बसा तरी. पाणी देते."

"दाखव गो."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि गाव दाखवलं. ते अंबा नदी, रेल्वेचा रूळ, खाडी ओळखत गेले. मी पावडरीचं नाव निवडलं. गावं रंगत खाली आली आणि आमच्या गावाशी थांबली.

"हे काळं ते आपलं?"

"व्हय."

भाऊ बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्या आठवणीत मी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं. पूर आला तेव्हा ते गळ्याएवढ्या पाण्यात उतरून गुरं सोडवून आले होते.

"म्हंजे मीच केलं हे तुझं."

इतके महिने मी या वाक्याला भीत होते. त्यांच्या तोंडून येईल म्हणून नाही, माझ्या मनात येईल म्हणून. आलंही होतं. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले.

"भाऊ, डॉक्टरांना माहीत नाही. मला माहीत नाही. या मशीनला तर नाहीच. पावडरीने झालं असेल, नसेलही. मी तुम्हाला नाही असं सांगू शकत नाही. पण व्हय असंही कोणी सांगू शकत नाही."

ते मान हलवत राहिले. मग पडद्यावर बोट ठेवलं, आमच्या गावाच्या खालच्या गावावर. तिथे कुठलाच रंग नव्हता.

"हे पांढरं कसं? हे लोक माझ्यापेक्षा जास्त मारतात. एकाच दुकानातून आणतो आम्ही."

"तिथे कोणी माहिती दिली नाही. सरांच्या माणसांना परत पाठवलं. पांढरं म्हणजे औषध नाही असं नव्हे. पांढरं म्हणजे आपल्याला माहीत नाही."

"तुमचे सर कुठं हायत?" भाऊंनी विचारलं.

पावसाआधी, शेतं रिकामी असताना, भाऊ साळवी सरांना घेऊन त्या गावात गेले. सरांनी मला नंतर सांगितलं. लोक नेहमीसारखे उडवाउडवी करत होते, पंचायतीच्या ओट्यावर कोणी बसायला तयार नव्हतं. तेव्हा भाऊ उभे राहून म्हणाले, "माझी पोर मरता मरता राहिली. मला ठाव नाय कशानं. म्हणून विचारायला आलोय, भांडायला नाय." त्यानंतर माणसं बसली. बोलली.

रंजना

बोलणं आटोपल्यावर त्या गावातली एक बाई भाऊंच्या मागे मागे वाटेपर्यंत आली. तिच्या सुनेच्या, रंजनाच्या, हातापायांवर काही दिवसांपासून डाग होते. घरात सगळे उष्णता म्हणत होते. भाऊंनी डाग बघितले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींना घेऊन ते रोह्याला माझ्या दारात उभे राहिले. सासूबाईंनी दार उघडलं. आमच्या दोन घरांचं बोलणं बंद होतं. सासूबाईंनी भाऊंकडे बघितलं, मग रंजनाच्या हाताकडे. बाजूला सरकून म्हणाल्या, "आत या. चहा ठेवते."

मी रंजनाला घेऊन पेणला गेले, जीपने, हळू. आणि तिथून मुंबईला, माझ्याच डॉक्टरीणबाईंकडे. तिचा आजार माझा नव्हता असं पुढे निघालं. तिचं रक्त तयार होत होतं पण शरीरच त्यातल्या काही पेशी खाऊन टाकत होतं. ते गोळ्यांनी आवरलं. आज ती दोन मुलांची आई आहे. पण त्या दिवशी हे आम्हाला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ती मज्जा काढायच्या खोलीबाहेर माझ्या शेजारी बसली होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, हातात हिरवा चुडा, आणि चुड्याच्या खाली काळेनिळे डाग.

 तो वास, त्या ट्रॉलीचा आवाज. मला उठून पळावंसं वाटत होतं. माझी स्वतःची तपासणी पुढच्याच आठवड्यात होती आणि आकडे पुन्हा खाली गेले असतील असं प्रत्येक वेळेप्रमाणे तेव्हाही वाटत होतं.

आतून तिचं नाव पुकारलं.

"ताई, सुई लई दुखते का गो?"

घाबरू नको, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. मी ते गिळले.

"दुखते. सुई बाहेर काढताना जास्त. तेव्हा माझा हात दाब, हवा तेवढा."

"तुझ्या हातावर डाग पडतील."

"पडू दे," मी म्हणाले, आणि तिच्याबरोबर आत गेले.